दाबाचे आकडे आणि त्यांचं शून्य

रायपूरच्या पुरानी बस्तीत, महामाया मंदिराच्या आसपासच्या वस्तीत, दाबाची कितीतरी एककं रोज वापरात असतात. टायरमध्ये हवा भरली जाते पीएसआयमध्ये, दवाखान्यात बीपी सांगतात पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये, कुकरचा दाब किलोमध्ये आणि हवामानाचा हेक्टोपास्कलमध्ये. कोष्टकातला गुणक घेतला, गुणाकार केला की रूपांतर झालं, असं बहुतेकांना वाटतं. पण गुणाकार सहसा चुकत नाही. चुकतं ते शून्य. आकडा कुठल्या शून्यापासून मोजलाय हे आधी पाहावं लागतं.

पूर्ण बसलेल्या टायरवर गेज शून्य दाखवतो, म्हणून आत दाबच नाही असा समज होतो. प्रत्यक्षात आत बाहेरच्या हवेइतका दाब असतोच. गेज फक्त त्यावरचा जादा दाब मोजतो. गेजवरचे ३२ पीएसआय म्हणजे सुमारे २२० किलोपास्कल, म्हणजेच २.२ बार. त्यात बाहेरच्या हवेचे १४ पीएसआय मिळवले तर टायरमधला खरा, निरपेक्ष दाब ४६च्या घरात जातो. वायूच्या नियमांची गणितं करताना हाच दुसरा आकडा घ्यावा लागतो. ३२ घेतला तर सगळं उत्तर फसतं.

बीपीचंही तसंच. १२० म्हणजे १६ किलोपास्कल, तेही हवेच्या दाबापेक्षा जास्तीचे. हवेचा स्वतःचा दाब समुद्रसपाटीला पाऱ्याचे ७६० मिलिमीटर असतो. १२० हा आकडा निरपेक्ष असता, तर तो बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा कितीतरी कमी ठरला असता.

बार, ॲटमॉस्फिअर आणि किलो एकच, हा समज मात्र बऱ्याच अंशी चालून जातो. बार म्हणजे १०० किलोपास्कल, ॲटमॉस्फिअर १०१.३२५ आणि चौरस सेंटिमीटरवरचा एक किलो ९८.०७. टायरसाठी हा फरक नगण्य, प्रयोगशाळेत नाही. मिलिबार आणि हेक्टोपास्कल मात्र तंतोतंत सारखे. तिथे गुणाकारसुद्धा लागत नाही.

सर्वांत जास्त गोंधळ होतो हवामानाच्या आकड्यात. बातमीत रायपूरचा दाब १०१० हेक्टोपास्कल सांगितलेला असतो आणि पुरानी बस्तीत बसून पाहिलं तर दाबमापक असलेला मोबाइल ९७५च्या आसपास दाखवतो. मोबाइल बिघडलेला नसतो, एककही बदललेलं नसतं. रायपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३०० मीटर उंचावर आहे आणि या उंचीपर्यंत दर साडेआठ मीटरला दाब साधारण एका हेक्टोपास्कलने उतरतो. म्हणजे ३५चा फरक नुसत्या उंचीचा. वेगवेगळ्या उंचीवरच्या गावांची तुलना करता यावी म्हणून हवामानाच्या नकाशांवर सगळे आकडे समुद्रसपाटीवर आणून मांडतात. फ्रान्समध्ये १६४८ साली शास्त्रज्ञ पास्कलच्या मेहुण्याने पाऱ्याची नळी प्वी द दोम डोंगरावर नेली, तेव्हा पारा असाच खाली उतरला होता.

याच उंचीमुळे रायपुरात उघड्या पातेल्यातलं पाणी शंभराऐवजी ९९ अंशांच्या आसपास उकळतं. कुकरचा एक किलो दाबही गेजचाच: बाहेरच्या हवेवर तो चढला की आतला एकूण दाब जवळपास दोन ॲटमॉस्फिअर होतो आणि पाणी सुमारे १२० अंशांना उकळतं. डाळ लवकर शिजते ती या वीस अंशांमुळे.

गच्चीवरच्या टाकीबद्दलचा समज निराळा: टाकी मोठी घेतली की नळाला जोर येतो. पण स्थिर पाण्याचा दाब फक्त उंचीवर ठरतो. पाण्याची पातळी नळापेक्षा दहा मीटर वर असेल तर नळाशी दाब जवळजवळ एक किलो, टाकी ५०० लिटरची असो वा ५,००० लिटरची.