शेतातला स्टार्टर आणि वर्गातला फ्लिप-फ्लॉप

"मॅडम, आम्ही इलेक्ट्रिकलवाले. हे झिरो-वन आम्हाला कशाला?"

जालन्यातल्या एका पॉलिटेक्निकमध्ये मी तासिका तत्त्वावर डिजिटल इलेक्ट्रॉनिक्स शिकवते, आणि उरलेल्या वेळात याच विषयाच्या अध्यापनावर पीएचडीचं काम करते. दरवर्षी पहिल्या आठवड्यात हा प्रश्न येतोच. सुरुवातीला मी "अभ्यासक्रमात आहे म्हणून" असं उत्तर द्यायचे. ते उत्तर चुकीचं होतं. आज तुम्हाला बरोबर उत्तर सांगायचा प्रयत्न करते. तुम्ही शिक्षक असाल तर उपयोगी पडेल, विद्यार्थी असाल तर जास्तच.

थोडा इतिहास बघू. जॉर्ज बूल यांनी १८५४ साली तर्काचं बीजगणित पुस्तकरूपात मांडलं. पुढची ऐंशी-एक वर्षं ते मुख्यतः गणित आणि तर्कशास्त्राच्या लोकांकडेच राहिलं. १९३७ मध्ये एमआयटीतल्या क्लॉड शॅनन नावाच्या २१ वर्षांच्या मुलाने पदव्युत्तर प्रबंधात दाखवून दिलं, की रिलेच्या सर्किटला हेच बीजगणित लागू पडतं. तो तेव्हा ज्या गणनयंत्रावर काम करत होता, त्याच्या नियंत्रणात रिले होते. पुढच्या वर्षी त्याचा शोधनिबंध छापून आला तो अमेरिकेतल्या इलेक्ट्रिकल इंजिनिअरांच्या संस्थेच्या नियतकालिकात. तेव्हा ट्रान्झिस्टरचा शोधही लागला नव्हता!

म्हणजे डिजिटल इलेक्ट्रॉनिक्स हा इलेक्ट्रिकलवाल्यांच्या घरात आलेला पाहुणा नाही. तो याच घरात जन्मला, मोठा झाल्यावर शेजारी राहायला गेला इतकंच.

आता शिकवण्याकडे येऊ. आमच्या वर्गातली बरीच पोरं भोकरदन, अंबड, घनसावंगी, परतूर अशा तालुक्यांतून येतात. नॅन्ड गेट त्यांनी पाहिलेलं नसतं, पण विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर लहानपणापासून हाताळलेला असतो. मी फळ्यावर आधी तोच काढते.

स्टार्टरमध्ये काय असतं? हिरवं बटण, लाल बटण आणि कॉन्टॅक्टरची कॉइल. हिरवं दाबलं की कॉइलला सप्लाय मिळतो, कॉन्टॅक्टर ओढला जातो, मोटार सुरू. बोट काढलं तरी मोटार चालूच राहते. का? कॉन्टॅक्टर ओढला गेला की त्याचाच एक छोटा कॉन्टॅक्ट हिरव्या बटणाला समांतर लागतो आणि कॉइलला सप्लाय देत राहतो. यालाच आपण होल्डिंग म्हणतो. लाल बटण दाबलं की हा रस्ता तुटतो.

हेच समीकरणात लिहू. 'स' म्हणजे स्टार्ट दाबलेलं (१) की नाही (०). 'ट' म्हणजे स्टॉपच्या बटणातून रस्ता जोडलेला (१) की तुटलेला (०). 'क' म्हणजे कॉन्टॅक्टर ओढलेला आहे की नाही. मग,

पुढचा क = ट आणि (स किंवा आत्ताचा क)

सिरीज म्हणजे 'आणि', पॅरलल म्हणजे 'किंवा'. इथपर्यंत सोपं आहे. आता डाव्या बाजूला 'पुढचा' आणि उजव्या बाजूला 'आत्ताचा' असे दोन शब्द आलेत, ते नीट बघा. दोन्ही बटणांना हात लावलेला नाही, म्हणजे स=० आणि ट=१. सांगा, मोटार चालू की बंद? नुसत्या बटणांकडे बघून सांगताच येत नाही. आधी काय झालं होतं ते माहीत पाहिजे. सर्किटला आठवण आहे. पुस्तकात याला 'स्टेट' म्हणतात, आणि या सर्किटला एसआर लॅच. फ्लिप-फ्लॉप इथूनच तयार होतो.

हा मुद्दा जगभर अवघड जातो. इलिनॉय विद्यापीठातल्या जेफ्री हर्मन आणि सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांच्या मुलाखती घेऊन त्यांचे गैरसमज शोधले, आणि पुढे त्यावर एक खास चाचणी तयार केली. २०१२ च्या त्यांच्या शोधनिबंधात असं दिसलं, की 'स्टेट म्हणजे काय' याबद्दलची विद्यार्थ्यांची कल्पना एका जागी टिकत नाही, ती सरकत राहते. त्याआधीच्या, २००८ च्या निबंधात आणखी एक सवय नोंदवली आहे: ट्रूथ टेबलच्या सगळ्या ओळी न तपासता दोन-चार ओळी जुळल्या की "झालं सिद्ध" म्हणून मोकळं व्हायचं. दोन्ही गोष्टी मला माझ्या वर्गात जशाच्या तशा भेटतात.

पण आमच्याकडे एक उदाहरण आहे, जे इलिनॉयमध्ये नसेल. लाइट गेली की स्टार्टरचं काय होतं? कॉइल सुटते, क=०. लाइट परत आली तरी मोटार आपोआप सुरू होत नाही, कारण सर्किट 'विसरलेलं' असतं. शेतीची लाइट कधी दिवसा, कधी रात्री. मध्यरात्री उठून विहिरीवर कोण जाणार? म्हणून शेतकरी ऑटोस्विच बसवतात. लाइट आली की तो स्वतःच स्टार्ट देतो. माझ्या बाबांनीही बसवला होता. मग महावितरण सारखं ऑटोस्विच काढा म्हणून का सांगतं? सुरू होताना मोटार चालू करंटच्या साधारण पाच ते सात पट करंट ओढते. एका रोहित्रावरच्या सगळ्या मोटारी एकाच वेळी सुरू झाल्या तर रोहित्राचं काय होईल, ते गावाकडच्या पोराला समजावून सांगावं लागत नाही. वर्गात हे बोलून झालं, की 'रीसेट' आणि 'सप्लाय आल्यावरची सुरुवातीची स्टेट' हे शब्द पाठ करावे लागत नाहीत.

इतकं सांगून थांबले असते तर लेख गोड झाला असता. पण हाच पूल पुढे एका ठिकाणी तुटतो, आणि माझं संशोधन खरं तर त्या जागेबद्दल आहे.

पहिल्या वर्षीचा प्रॅक्टिकलचा तास. ब्रेडबोर्डवर ७४०० ही नॅन्ड गेटची टीटीएल आयसी. एका मुलाने एक इनपुट ५ व्होल्टला जोडलं आणि दुसरं मोकळं सोडलं. त्याचा हिशोब: तार जोडलेली नाही, म्हणजे करंट नाही, म्हणजे ०. नॅन्डचं एक इनपुट ० असेल तर आउटपुट १, एलईडी लागायला हवा. तो लागलाच नाही. "मॅडम, आयसी गेली." मीही घाईत आयसी बदलून दिली. पुन्हा तेच. मग मोकळा पाय दिसला, आणि आधी स्वतःचाच राग आला.

त्याचा हिशोब कॉन्टॅक्टरच्या जगात बरोबर होता. तिथे तुटलेला रस्ता म्हणजे ०. आयसीच्या जगात ० म्हणजे 'काही नाही' असं नसतं. ० हासुद्धा एक ठरलेला व्होल्टेज आहे. टीटीएलमध्ये इनपुटला ०.८ व्होल्टपर्यंत ० आणि २ व्होल्टच्या वर १ धरतात. इनपुट ० करायचं तर ते ग्राउंडला ओढावं लागतं, आणि तेव्हा करंट इनपुटच्या पायातून बाहेर, ग्राउंडकडे वाहतो. पाय मोकळा सोडला की टीटीएल तो १ समजते. सीमॉसमध्ये तर मोकळ्या पायाचा काहीच भरवसा नाही. नुसतं बोट जवळ नेलं तरी आउटपुट नाचू शकतं.

गंमत म्हणजे, शॅननने आपल्या निबंधात जोडलेल्या रस्त्याला ० आणि तुटलेल्या रस्त्याला १ म्हटलं होतं, आपल्या आजच्या सवयीच्या बरोबर उलट! ० आणि १ ही आपण दिलेली नावं आहेत. कोणतं नाव कशाला दिलंय, हे प्रत्येक सर्किटपाशी नव्याने विचारावं लागतं.

"मार्कांपुरतं ठीक आहे, पण नोकरीत काय फरक पडतो?" असं वाटत असेल तर ऐका. आमची बरीच पोरं पुढे जालन्याच्या रोलिंग मिलमध्ये मेंटेनन्सला लागतात. तिथे पॅनलमध्ये पीएलसी असतो. स्टॉपचं बटण नॉर्मली क्लोज्ड ठेवतात, म्हणजे न दाबता इनपुटला सतत १ मिळतो. बटण दाबलं तर ०, आणि तार तुटली तरी ०. दोन्ही वेळेला मशीन थांबतं. आता एखाद्याने "दाबलं की १" हे सरळ वाटतं म्हणून नॉर्मली ओपन बटण लावलं आणि प्रोग्रॅमही तसाच बदलला. रोज टेस्टिंगला सगळं ठीक चालेल. ज्या दिवशी ती तार तुटेल त्या दिवशी कोणाला कळणारही नाही. कळेल ते लाल बटण दाबूनही मिल थांबत नाही तेव्हा, आणि तेव्हा रोलमधून तापलेली सळई धावत असेल. तुटलेली तार म्हणजे ० की १, हा प्रश्न तिथे एका मार्काचा राहत नाही.

म्हणून आता मी तीन टप्प्यांत शिकवते. आधी स्टार्टर, त्याचं समीकरण आणि त्याच्या ट्रूथ टेबलच्या आठही ओळी, एकही न गाळता. मग तेच सर्किट गेट वापरून ब्रेडबोर्डवर. आणि तिसऱ्या तासाला मुद्दाम एक इनपुट मोकळं सोडायला लावते. आधी वहीत अंदाज लिहायचा, मगच सप्लाय द्यायचा. अंदाज बहुतेकांचा चुकतो. मग मल्टिमीटर घेऊन त्या पायावरचा व्होल्टेज स्वतः मोजायचा.

"आम्हाला कशाला" हा प्रश्न अजूनही येतो. मी खडू त्याच्याच हातात देते आणि सांगते, "तुमच्या विहिरीवरचा स्टार्टर काढ बरं फळ्यावर."