विरळ उगवणारं जिनसेंग

अमेरिकेतल्या ॲपलेशियन डोंगरांत, मेपल आणि ट्युलिप पॉप्लरच्या गर्द सावलीत, जेमतेम गुडघाभर उंचीचं जिनसेंग वाढतं. दर हिवाळ्यात त्याचं खोड गळतं आणि मुळाच्या मानेवर एक वण उरतो. वण मोजले की वय कळतं, आणि काही मुळांवर ते पन्नासाहून अधिक भरतात! बी तर पाचोळ्याखाली साधारण १८ महिने निजून मगच रुजतं.

चीनमध्ये या मुळाला मोठा मान. १७८४ मध्ये ‘एम्प्रेस ऑफ चायना’ हे जहाज न्यूयॉर्कहून कँटनला निघालं, तेव्हा त्यात सुमारे ३० टन जिनसेंग होतं. खणून खणून रानं विरळ झाली, आणि १९७५ मध्ये त्याच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय निर्बंध आले. आता कित्येकजण ते रानातच लावतात. जिथं ते आपोआप उगवलंय, तिथली माती आणि सावली त्याला मानवते हे उघड आहे, म्हणून त्याच्या शेजारचीच जागा खुणावते. धोकाही तिथंच आहे.

रानातली रोपं एकमेकांपासून लांब असतात. एकाला बुरशी लागली तरी दुसऱ्यापर्यंत सहज पोचत नाही. विस्कॉन्सिनमधल्या मांडवाखालच्या शेतात मात्र ती दाटीनं उभी असतात, आणि अल्टरनेरियाचा करपा, फायटोफ्थोराची मूळकुज यांच्यावर सतत फवारणी करावी लागते. मला सर्वांत थक्क करते ती पुढची गोष्ट: एकदा जिनसेंग काढलेल्या शेतात कित्येक वर्षांनी पुन्हा लावलं, तरी बहुतेकदा त्याची मुळं कुजतात. माती विसरतच नाही.

म्हणून शेतातली रोपं आणून रानात लावणं सर्वांत वाईट. मुळांसोबत ती मातीही येते. बी त्यामानानं बरं. ते सौम्य केलेल्या ब्लीचच्या पाण्यात दहाएक मिनिटं बुडवून स्वच्छ धुतात, मग नांगरट न करता विरळ पेरतात. बूट आणि खुरपी आधी धुऊन घ्यायची. उताराकडेही बघायचं. फायटोफ्थोराच्या पोहणाऱ्या बीजाणूंना दोन शेपट्या असतात, आणि ओल्या मातीतल्या पाण्याच्या पातळ थरातूनही ते पुढं सरकतात. पावसाचं पाणी वाहू लागलं की त्यांचा पल्ला आणखी वाढतो. रानटी झाडांच्या वरच्या अंगाला लागवड करणं म्हणजे रोग त्यांच्या दारात सोडणं. माझ्या मते तर लागवडीला दुसरा डोंगरच निवडावा. बाहेरच्या बियांचा स्थानिक वाणाशी संकर होण्याची भीतीही त्यानं कमी होते.

रानातलीच झाडं वाढवायची असतील, तर त्यांचीच लाल फळं पिकल्यावर तिथल्याच मातीत, बोटाच्या पेराएवढी खोल दाबून वर पाचोळा सारायचा. बाहेरचं बी नाही, बाहेरची माती नाही. अनेक राज्यांत मूळ खणणाऱ्याला कायद्यानंच असं करावं लागतं. वूड थ्रश नावाचा पक्षीही ही फळं गिळतो आणि गर पचवून बिया दूर कुठंतरी ओकून टाकतो, एकेक करून, विरळ.