वऱ्हाडातील दार आणि स्मार्ट कुलूप

स्मार्ट कुलूप या नावाने बाजारात मिळणारे यंत्र एकाच आवरणात दोन वेगळी कामे करते. बोटाचा ठसा, अंकी संकेत, कार्ड किंवा मोबाइल यांवरून दाराशी आलेल्या माणसाची ओळख पटवणे हे पहिले काम, आणि ओळख पटल्यावर लहानशा मोटरने पोलादी दांडा, म्हणजे बाजारातील भाषेत ‘बोल्ट’, मागे ओढून दार मोकळे करणे हे दुसरे. विक्रेत्याचे बोलणे बहुतेक पहिल्या कामाभोवती फिरते. परंतु चोराला अडवतो तो बोल्टच, आणि तो ज्या लाकडात व ज्या चौकटीत बसतो त्यांच्या मजबुतीपलीकडे कोणतेही कुलूप जाऊ शकत नाही. त्यामुळे अमरावती किंवा अकोल्यातील घरमालकाने दुकानात शिरण्यापूर्वी आपले दार नीट पाहणे हीच निवडीची पहिली पायरी ठरते.

या भागातील जुन्या घरांची दारे प्रायः दुपाखी, म्हणजे दोन फळ्यांची असतात आणि त्यांचा बंदोबस्त कडी-कोयंडा, अडसर व बाहेरून टांगायचे कुलूप यांवर चालत आला आहे. दाराच्या जाडीत खोबण कोरून बसवायचे ‘मॉर्टिस’ कुलूप मुळात एका फळीच्या दारासाठी कल्पिलेले असल्याने, दुपाखी दारावर ते बसवायचे तर एक फळी वर-खाली पक्क्या कड्यांनी जखडून ठेवावी लागते. तसे न केल्यास दोन्ही फळ्या एकत्र ढकलल्या जातात आणि महागडा बोल्ट जागच्या जागी निरुपयोगी होतो. अशा दारांना फळीच्या आतल्या पृष्ठभागावर स्क्रूने बसणारे ‘रिम’ कुलूप अधिक सोयीचे पडते, कारण त्यासाठी जुने लाकूड फारसे कोरावे लागत नाही. फ्लॅटच्या पोकळ किंवा हलक्या फळीच्या दारात मात्र मॉर्टिससाठी खोबण कोरल्यावर उरणारी भिंत इतकी पातळ असू शकते की एका जोरदार लाथेत कुलपासह तो तुकडाच निघून यावा.

लाकडाचा आणखी एक स्वभाव इथे विचारात घ्यावा लागतो. मेळघाटचे सागवान आणि परतवाड्याचा लाकूडव्यापार यांमुळे सागवानी दाराचा या प्रदेशाला अभिमान आहे, पण सागवान इतर लाकडांच्या मानाने कमी हलत असले तरी हलतेच: मे महिन्यात ते आक्रसते, श्रावण-भाद्रपदात फुगते, आणि बिजागऱ्या सैल असतील तर दार वर्षागणिक थोडेथोडे खाली बसते. साध्या किल्लीच्या कुलपाला याचा त्रास होत नाही, कारण घरातली माणसे मूठ धरून दार किंचित उचलतात आणि मग किल्ली फिरवतात. हे उचलणे इतके अंगवळणी पडलेले असते की कोणाच्या लक्षातही येत नाही. मोटरला मात्र दार उचलता येत नाही. बोल्ट चौकटीच्या पट्टीला अडला की ती पुन्हापुन्हा जोर लावते, सेल लवकर संपवते आणि शेवटी दार बंद झालेच नसताना घरातील लोक ते बंद आहे असे समजून निघून जातात. म्हणून कुलपाच्या तंत्रज्ञाआधी सुताराला बोलावणे आणि दार पावसाळ्यातही एका बोटाने लागते की नाही हे पाहणे, हा खर्च वाचवण्यासारखा नाही.

दुसरा प्रश्न उन्हाचा आहे. मे २०२४ च्या अखेरच्या आठवड्यात उष्णतेमुळे अकोला जिल्ह्यात जमावबंदीचा आदेश काढावा लागला होता, यावरून इथल्या उन्हाळ्याची कल्पना यावी. पारा ४५ अंशांच्या पुढे असताना पश्चिमेकडे तोंड असलेल्या, पडवी नसलेल्या दारावरील काळ्या धातूचे आवरण हवेपेक्षा कितीतरी अधिक तापते, आणि कुलपाच्या माहितीपत्रकात दिलेली कमाल तापमानमर्यादा ५५ किंवा ६० अंश असली तरी ती ओलांडली जाण्याची शक्यता अशा दारावर खरी असते. विक्रेत्याच्या वातानुकूलित दुकानात सगळीच कुलुपे हुशार असतात. ऊन लागणाऱ्या दारासाठी फिक्या रंगाचे, सेलचा कप्पा आतल्या बाजूस असलेले आणि साध्या अल्कलाइन पेन्सिल सेलवर चालणारे कुलूप बरे, कारण आत कायम बसवलेली लिथियम बॅटरी सततच्या उष्णतेने लवकर निकामी होते. आवरणावरील ‘आयपी’ या अक्षरांपुढच्या दोन अंकांपैकी पहिला धुळीपासूनचे आणि दुसरा पाण्यापासूनचे संरक्षण दर्शवतो. ‘आयपी ६५’ म्हणजे धूळ आत न जाणारे व पाण्याचा फवारा सोसणारे.

लाईट गेल्यावर काय, ही अनेकांची शंका असते. कुलूप सेलवर चालत असल्याने वीज जाण्याचा त्याच्या उघडझापीवर परिणाम होत नाही. बंद पडतो तो वायफायचा राउटर, आणि त्याबरोबर दूरवरून दार उघडण्याची सोय. सेल पूर्ण संपल्यास बाहेरून ९ व्होल्टची बॅटरी टेकवण्याची किंवा टाइप-सी वायरने तात्पुरती वीज देण्याची जागा कुलपावर असायलाच हवी.

बोटाच्या ठशाविषयी या प्रदेशात विशेष सावधगिरी लागते. शेतात, बांधकामावर किंवा स्वयंपाकघरात आयुष्य गेलेल्या हातांवरील रेषा झिजलेल्या असतात आणि कोरड्या उन्हाळ्यात त्वचा आणखी रुक्ष होते. रेशन दुकानातील यंत्रावर वृद्धांचे ठसे न जुळण्याचा अनुभव महाराष्ट्रात सर्वपरिचित आहे. ठसावाचक यंत्राच्या चुका दोन प्रकारच्या असतात: परक्याला आत घेणे आणि घरच्याला बाहेर ठेवणे. जाहिरातीत पहिल्या चुकीचे अत्यल्प प्रमाण ठळक छापलेले असते, परंतु रोजचा मनस्ताप दुसरीमुळे होतो. म्हणून खरेदीपूर्वी घरातील सर्वांत वयस्क व्यक्तीचे बोट त्या यंत्रावर प्रत्यक्ष लावून पाहावे, प्रत्येकाची दोन्ही हातांची बोटे नोंदवावीत आणि अंकी संकेताचा पर्याय चालू ठेवावा. चार अंकी संकेताच्या १०,००० शक्यता होतात, सहा अंकीच्या १०,००,०००. पण त्याच चार कळांवर बोटांचे डाग उमटत राहिले तर उरतात फक्त २४. यावर उपाय म्हणून काही कुलपांत खऱ्या संकेताच्या मागेपुढे हवे ते अंक दाबण्याची मुभा असते, आणि ही सोय रंगीत पडद्यापेक्षा मोलाची आहे.

मुले पुण्यात किंवा बंगळुरूला आणि आईवडील अमरावतीत, ही आता घरोघरची स्थिती असल्याने दूरवरून दार उघडून देण्याची सोय अनेकांना मोहवते. तिची दुसरी बाजू दाखवणारी दोन उदाहरणे परदेशात नोंदली गेली आहेत. ऑगस्ट २०१७ मध्ये ‘लॉकस्टेट’ या अमेरिकी कंपनीने इंटरनेटवरून चुकीची प्रणाली पाठवल्याने सुमारे ५०० कुलुपे एकाच वेळी निकामी झाली. २०१८ मध्ये ‘टॅपलॉक’ नावाचे ठशावर चालणारे टांगते कुलूप ब्रिटिश संशोधकांनी दोन सेकंदांच्या आत उघडून दाखवले, कारण त्याची गुप्त किल्ली ते स्वतःच हवेत प्रसारित करत असलेल्या ब्लूटूथ पत्त्यावरून काढता येत होती. ठसे आणि नोंदी कंपनीच्या सर्व्हरवर न जाता कुलपातच राहतात का, हा प्रश्न विचारण्यास २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अधिक बळ दिले आहे. घरी कोणी ना कोणी कायम असेल तर केवळ ब्लूटूथवर किंवा संकेतावर चालणारे कुलूप पुरते.

अमरावतीच्या जुन्या परकोटाला, जो एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी पेंढाऱ्यांपासून सावकारपेठेचे रक्षण करण्यासाठी उभारला गेला, अंबा गेट, जवाहर गेट, नागपुरी गेट अशा दरवाजांबरोबर माणसांच्या जाण्यायेण्यापुरत्या छोट्या खिडक्याही ठेवल्या होत्या, आणि तटाची मजबुती त्या खिडक्यांच्या पहाऱ्यावर अवलंबून होती. स्मार्ट कुलपाची अशी खिडकी म्हणजे आणीबाणीच्या किल्लीचे छिद्र. ते असावेच, पण तिथे किल्ली फिरणारा सिलिंडर हलक्या प्रतीचा असेल तर चोर ठशाच्या वाटेला जाणारच नाही. ती किल्ली घरातच ठेवणे व्यर्थ असून ती विश्वासू शेजाऱ्याकडे किंवा नातलगाकडे असावी. दार आतून मात्र कोणत्याही संकेताविना, नुसती मूठ दाबून उघडले पाहिजे; आग लागल्यावर अंक आठवत नाहीत.

चोरीचा विमा असणाऱ्यांनी पॉलिसीतील शब्दही वाचावेत. अनेक पॉलिसींत बळाचा वापर करून झालेला प्रवेशच घरफोडी मानला जातो, आणि २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हरचंद राय चंदनलाल प्रकरणात अशा अटीचा शब्दशः अर्थ ग्राह्य धरला. चोरलेल्या संकेताने शांतपणे उघडलेल्या दारावर मोडतोडीची खूण राहत नाही, तेव्हा असा प्रवेश पॉलिसीत धरला जातो का, हे कंपनीकडून लेखी विचारून घ्यावे. दुरुस्तीसाठी तंत्रज्ञ शहरातलाच आहे की नागपूरहून येणार, हेही खरेदीच्या दिवशीच ठरवून घ्यावे, आणि बसवणारा माणूस ओट्यावरून खाली उतरण्यापूर्वी कारखान्यातून आलेला मूळ मास्टर संकेत घरच्या माणसाने स्वतःच्या हाताने बदलावा.