अभंग, बेस गिटार आणि आपला मराठवाडा

भजन आणि गोंधळ ऐकत मोठं झालेल्या नांदेड-लातूरच्या मंडळींनी मुंबईचा 'अभंग रिपोस्ट' हा बँड ऐकायलाच हवा. शब्द संतांचे, साथ गिटार, बेस, कीबोर्ड आणि तालवाद्यांची.

हे जमतं कसं? भजनी ठेका आठ मात्रांचा, त्यात रॉकचा चारचा ठोका अलगद बसतो. हेडफोन लावून ऐका, पखवाजाच्या घुमाऱ्याची जागा बेस गिटार कशी घेते ते कळेल.

आणि संतांच्या शब्दांपैकी काहींचं मूळ आपल्याच भागातलं. नामदेव शेजारच्या हिंगोली जिल्ह्यातल्या नर्सीचे, जनाबाई गंगाखेडच्या. नामदेवांची 61 पदं गुरु ग्रंथसाहिबात आहेत, म्हणजे नांदेडच्या हजूर साहिब गुरुद्वाऱ्याशीही त्यांचं नातं आहेच!

जुनी लोकगाणी नव्याने वाजवणारे परदेशातही आहेत. इटलीच्या आग्नेय टोकाला सालेंतोमध्ये 'कान्झोनिएरे ग्रेकानिको सालेंतिनो' हा गट 1975 पासून तिथलं लोकसंगीत वाजवतोय. लेखिका रीना दुरान्ते यांनी तो सुरू केला. त्यांचं मुख्य वाद्य तांबुरेल्लो, आपल्या दिमडीच्या जातकुळीतलं, कडेला पत्र्याच्या चकत्या. 'पिझ्झिका' नावाचं तिथलं नाचाचं संगीत, विषारी कोळी चावला असं मानलेल्या बाईला बरं करण्यासाठी तासन्‌तास वाजवलं जाई. आपल्याकडे देवीच्या आराध्यांच्या मेळ्यात अंगात येताना पाहिलेल्यांना हे परकं वाटणार नाही.

आपल्याकडेही माळेगावच्या जत्रेत वाघ्या-मुरळीची दिमडी, तुणतुणं सगळं जिवंत आहे. लातूर-नांदेडची कुणी पोरं संबळासोबत गिटार वाजवत असतील तर मला जरूर कळवा. ऐकायला येतो.