जीप सजवायची की सोयीची करायची?



गटाच्या मासिक बैठकीत कर्जाच्या मागण्या कशासाठी येतात, ते तुम्हाला माहीतच आहे. शेळी, शिलाई मशीन, बी-बियाणं, मुलांची फी. गेल्या वर्षी आमच्या एका गटात वेगळीच मागणी आली. एका ताईंनी ६०,००० रुपये मागितले आणि कारण सांगितलं, “जीपचं काम करायचंय.” सगळ्या हसल्या. ताई मात्र हसल्या नाहीत.

त्यांच्या मालकांनी जुनी फोर व्हील ड्राइव्हची जीप घेतली होती. शेतावर जायला उपयोग होता, आणि वर्षातून एकदा सगळ्या घराने डोंगरात दोन दिवस राहून यायचं अशी हौसही होती. पहिल्याच फेरीला ते भंडारदऱ्याकडे निघाले. टपावर ट्रंक, गाद्या, तंबू, पाण्याचे कॅन असं सगळं रचलेलं. घाटातल्या एका वळणावर दोर सैल झाला, ट्रंक सरकली आणि जीप चरीकडे कलली. नशिबाने कुणाला लागलं नाही. पण त्यांची नऊ वर्षांची मुलगी त्यानंतर त्या जीपमध्ये बसायला तयार होईना.

आता मालकांनी गॅरेजातून कामाची यादी आणली होती. मोठे रुंद टायर, गाडी उंच करायची, पुढे लोखंडी गार्ड, टपावर मोठं कॅरिअर आणि त्यावर दिव्यांची लांब पट्टी. आमच्या गटातल्या एका वयस्कर मावशींनी यादी वाचून घेतली आणि विचारलं, “यात सासूबाई झोपणार कुठं? आणि बायांनी बाहेर जायचं कुठं?” यादीत त्याचं उत्तर नव्हतं.

माझा भाऊ गॅरेजात काम करतो. त्याला आम्ही पुढच्या बैठकीला बोलावलं. त्याने जे समजावलं आणि आम्ही बायांनी त्यात जी भर घातली, ते आज तुम्हाला सांगते. जीप असो, बोलेरो असो किंवा साधी व्हॅन, घरची माणसं घेऊन कच्च्या रस्त्याने मुक्कामाला जायचं तर हे सगळ्यांनाच लागू आहे.

आधी वजनाचा हिशोब

गाडी किती वजन पेलते ते गाडीबरोबर मिळणाऱ्या पुस्तिकेत दिलेलं असतं. आम्ही फळ्यावर ताईंच्या घराचा हिशोब मांडला. नवरा-बायको, सासूबाई आणि दोन मुलं मिळून २२० किलो. पाणी ४० लिटर, म्हणजे ४० किलो. शेगडी, गॅसची छोटी टाकी आणि भांडी २५. अंथरूण-पांघरूण आणि तंबू ३०. शिधा १५. हत्यारं १०. झोपायच्या फळ्या आणि एक लाकडी पेटी ३५. बेरीज ३७५ किलो.

यात लोखंडी कॅरिअर आणि पुढचा गार्ड आला की आणखी ८० किलो सहज वाढतात. भाऊ म्हणाला, “म्हणजे एक धिप्पाड माणूस दिवसभर उगाच गाडीत बसवल्यासारखं झालं. तो काम काही करत नाही, फक्त डिझेल खातो आणि ब्रेकवर भार टाकतो.”

वजन किती याच्याइतकंच ते कुठे ठेवलं हेही महत्त्वाचं. बैलगाडीत कडबा उंच रचला की बांधावरून जाताना गाडी कलंडते. सगळं ओझं मागे टाकलं की गाडी उलाळते. जीपचंही तसंच. वजन टपावर गेलं की वळणावर गाडी झुकते. वजन पार मागे गेलं की पुढची चाकं हलकी होतात आणि स्टेअरिंग नीट ऐकत नाही. म्हणून जड वस्तू खाली, गाडीच्या मधोमध आणि बांधून. पाण्याचे कॅन पुढच्या सीटच्या मागे तळाशी. टपावर ठेवायचंच असेल तर ताडपत्री, चटया असं हलकं सामान. आत सुटी वस्तू ठेवू नका. जोराचा ब्रेक लागला की मागचा सुटा जॅक पुढे बसलेल्याच्या डोक्यात येऊ शकतो.

पैसा पहिला टायर आणि ब्रेकला

टायर मोठे हवेत असं नाही, चांगले हवेत. टायरच्या खाचांमध्ये ठराविक अंतरावर बारीक उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की टायर संपला. टायरच्या कडेला चार आकडे असतात. समजा २३१९ लिहिलंय, तर तो टायर २०१९ सालच्या २३ व्या आठवड्यात तयार झालेला. जुना टायर नक्षी असूनही कडक होतो, त्याला चिरा पडतात. जुनी गाडी घेताना हे चार आकडे स्वतः वाचा.

कंपनीने सांगितल्यापेक्षा मोठा टायर लावला तर तो अंगाला घासू शकतो, ब्रेकला जास्त जोर लागतो आणि वेगाचा काटाही खोटा बोलतो. गाडी खरी जोरात असते आणि काटा कमी दाखवतो.

ब्रेकचं तेल हवेतली ओल शोषून घेतं. ते जुनं झालं की घाटात तापून उकळतं आणि पायाखालचा ब्रेक मऊ पडतो. म्हणून डोंगरात जाण्याआधी ब्रेक, ब्रेकचं तेल आणि खालचे पाटे मिस्त्रीकडून तपासून घ्या. उतरताना गाडी न्यूट्रल करून डिझेल वाचवायचं नाही. ज्या गिअरमध्ये घाट चढलो त्याच गिअरमध्ये उतरायचं, म्हणजे इंजिनच गाडी धरून ठेवतं. फोर व्हील ड्राइव्ह असेल तर तो चिखलात, सुट्या मातीत वापरायचा. जुन्या जीपमध्ये कोरड्या डांबरी रस्त्यावर तो लावून ठेवला तर आतल्या भागांवर ताण येतो.

आणि वाहता ओढा आला तर थांबायचं. फूटभर वाहतं पाणी लहान गाडी तरंगवू लागतं. दोन फूट पाणी जीपसारखी मोठी गाडीही ओढून नेतं. मोठे टायर लावले म्हणून पाणी ऐकत नाही.

कायदा काय म्हणतो

मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ सांगतं, की नोंदणीतली गाडीची माहिती कंपनीने मुळात दिलेल्या माहितीपेक्षा वेगळी होईल असा बदल मालकाला करता येत नाही. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच सांगितलं. नियमात न बसणारा बदल केला तर प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. पुढचा लोखंडी गार्ड बेकायदा असल्याचं केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने २०१७ च्या डिसेंबरात सगळ्या राज्यांना कळवलं आहे. कारण सरळ आहे. रस्त्याने चालणारा माणूस किंवा लेकरू त्या दांड्याला आपटलं तर जास्त जबर मार बसतो. आणि ज्या गाडीत एअरबॅग आहे, तिथे त्या गार्डमुळे ती वेळेवर उघडण्यात अडथळा येऊ शकतो.

दंडापेक्षा मोठी भीती विम्याची. अपघात झाला आणि गाडीत बेकायदा बदल आढळला, तर विमा कंपनी दावा अडवू शकते. मग जीप गेली आणि गटाचं कर्ज मात्र डोक्यावर राहिलं, असं व्हायचं.

म्हणून आम्ही एक साधा नियम धरला. जे कापावं किंवा वेल्डिंग करावं लागतं ते नको. जे ठेवता येतं, बांधता येतं आणि घरी आल्यावर काढता येतं, ते करायचं.

फळ्या, पेटी आणि पडवी

ताईंच्या जीपमध्ये मागे समोरासमोर दोन बाकडी आहेत. गावच्या सुताराने प्लायवूडच्या तीन फळ्या कापून दिल्या. मुक्कामाला पोचलं की त्या दोन्ही बाकड्यांच्या मध्ये, बाकड्याच्याच उंचीला बसतात आणि खालून पायांचा आधार मिळतो. वर गादी टाकली की सासूबाई आणि दोन मुलं झोपतात. प्रवासात त्या फळ्या खाली आडव्या ठेवून पट्ट्याने बांधायच्या. सासूबाईंना चढायला एक छोटा पाट. गाडी आणखी उंच केली असती, तर त्यांना चढताच आलं नसतं.

लाकडी पेटीत भांडी, मीठ-मसाला, काडेपेटी आणि चाकू. पेटीचं झाकण उलटं टाकलं की तोच ओटा. जीपच्या एका अंगाला ताडपत्री बांधायची, तिची दुसरी कड दोन बांबूंवर, की झाली पडवी. स्वयंपाक त्या पडवीच्या मोकळ्या कडेला करायचा, गाडीत नाही आणि तंबूतही नाही.

हे मी पुन्हा सांगते, कारण यात जीव जातात. बंद जागेत शेगडी, कोळसा किंवा स्टोव्ह जळत राहिला की कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू साठतो. त्याला वास नाही, रंग नाही. झोपलेला माणूस झोपेतच जातो. थंडी वाजते म्हणून तंबूत शेगडी घ्यायची नाही. इंजिन चालू ठेवून बंद गाडीत झोपायचं नाही. गाडीत झोपताना दोन बाजूंच्या काचा बोटभर उघड्या ठेवा आणि त्यांना मच्छरदाणीचं कापड लावा. गॅसची टाकी प्रवासात उभी, रेग्युलेटर काढून, बांधलेली आणि हवा खेळती राहील अशी ठेवा.

उजेडासाठी सौर कंदील पुरतो. गाडीची वायर कापून दिवे जोडले आणि मध्ये फ्यूज नसला तर वायर तापून आग लागते. रात्रभर दिवे लावले तर बॅटरी उतरते आणि सकाळी जीप ढकलत बसावं लागतं. शिवाय ताईंना जायचं होतं काजवे बघायला. काजवे आपला उजेड जोडीदाराला खूण म्हणून लुकलुकवतात. झगझगीत दिवा पडला की त्यांची खूण हरवते. जे बघायला आलो तेच विझवणारी दिव्यांची पट्टी घ्यायची कशाला?

बायांची सोय

हे कुठल्याही गॅरेजच्या यादीत नसतं. प्रवासात बाई पाणीच पीत नाही, कारण जायचं कुठे हा प्रश्न असतो. मग डोकं दुखतं, लघवीला जळजळ होते. आपण ते अंगावर काढतो. उपाय स्वस्त आहे. चार बांबू, एक जाड जुनी साडी किंवा ताडपत्रीचा तुकडा आणि एक खुरपं. आडोसा ओढ्या-विहिरीपासून निदान २०० फूट लांब करायचा. शौचासाठी वीतभर खोल खड्डा, नंतर माती लोटायची. पॅड पुरायचे नाहीत, जाळायचे नाहीत. कागदात गुंडाळून, पिशवीत बांधून परत आणायचे.

मुक्काम कुठे करायचा हेही आधी ठरवा. भंडारदऱ्याच्या आजूबाजूचा बराचसा डोंगर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. तिथे वन विभागाचे नियम पाळावे लागतात आणि उन्हाळ्यात वाळलेल्या गवतात चूल पेटवणं म्हणजे वणव्याला आवतण. त्यापेक्षा गावकऱ्यांच्या परवानगीच्या जागेत उतरा. पैसे गावात राहतात, हाक मारायला माणूस असतो. दरीत रेंज जाते, म्हणून निघण्याआधी घरच्या कुणाला तरी जाण्याचा रस्ता आणि परतायची वेळ सांगून ठेवा. ११२ आणि १०८ हे दोन नंबर मुलांनाही पाठ हवेत.

एक गोष्ट गटांसाठी. घरच्या जीपमधून भाडं घेऊन पर्यटक न्यायचा विचार मनात येईल. पांढऱ्या पाटीच्या खासगी गाडीतून भाडं घेता येत नाही. त्यासाठी परवाना, पिवळी पाटी आणि वेगळा विमा लागतो. आधी ते करा, मग धंदा.

शेवटी काय झालं

ताईंनी ६०,००० ऐवजी २५,००० घेतले. निम्म्याहून जास्त रक्कम दोन टायर आणि ब्रेकवर गेली. उरलेल्यात फळ्या, पेटी, ताडपत्री, चांगले पट्टे आणि जॅकखाली ठेवायला एक जाड फळी, कारण मऊ मातीत जॅक रुततो. मालक सुरुवातीला नाराज होते. त्यांना वाटलं, बायांनी त्यांच्या हौसेवर पाणी टाकलं. पण हिशोबाचा फळा बघून गप्प झाले. दिव्यांच्या पट्टीचं मात्र अजून मधूनमधून काढतात.

मुलगी आधी शेतापर्यंत बसली, मग बाजारापर्यंत. मे अखेरीस ते पुन्हा गेले. निघताना सामानाचे पट्टे तिनेच ओढून बघितले. वाटेत रतनवाडीचं अमृतेश्वराचं देऊळ झालं, सासूबाईंची ती इच्छा होती. रात्री सगळे दिवे बंद करून जीपच्या पायरीवर बसून काजवे बघितले. घाट उतरताना मुलीने आईचा हात धरला होता, पण रडली नाही.

मैत्रिणींनो, घरात गाडीच्या कामाची यादी आली तर चार प्रश्न विचारा. याने वजन किती वाढतं? याने गाडी थांबायला मदत होते का? हे कायद्यात बसतं का? आणि आपण झोपणार, पाणी ठेवणार, बाहेर जाणार कुठे? कर्ज आपल्या नावावर निघतं, हप्ता आपण भरतो आणि त्या गाडीत आपली लेकरं बसतात. मग यादीही आपण वाचायलाच हवी.

पुढच्या बैठकीत हा हिशोब फळ्यावर मांडून बघा.