वजन उतरले, गोळ्यांचा हिशेब बदलला



आम्ही खत-बियाण्याचे सांगणारे लोक. आज मात्र औषधाविषयी लिहितो आहे, आणि तेही फवारणीच्या नव्हे, माणसाच्या पोटात जाणाऱ्या. तसे कारणच घडले.

गेल्या सुगीत वळसंगच्या शिवारात ज्वारीची काढणी चालली होती. बांधावर ओळखीच्या घरातील एक वहिनी बसल्या होत्या. अंग घामाने भिजलेले, हात थरथरत होते, बोलणे अडखळत होते. कोणी म्हणाले ऊन लागले, कोणी म्हणाले दृष्ट लागली. तीन महिन्यांपूर्वी पुण्यात त्यांची वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया झाल्याचे मला ठाऊक होते. मधुमेह जुना. शुद्धीवर होत्या, म्हणून तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून घोट घोट पाजली आणि जीपने आरोग्य केंद्रात नेले. एवढे करूनही रक्तातील साखर ५८ भरली.

"साहेब, एक गोळी चुकवली नाही की आम्ही!" मालक रडवेले होऊन म्हणाले.

तिथेच घोटाळा होता. पुण्याहून निघताना डॉक्टरांनी मधुमेहाची गोळी कमी केली होती. पण साखर वाढेल या भीतीने घरच्यांनी जुनी चिठ्ठीच चालू ठेवली. पुढची तपासणी सुगीमुळे राहिली. आधी दोनदा चक्कर आली, ती अशक्तपणावर गेली.

मी म्हटले, "मालक, पाच एकरांचं औषध एका एकरावर मारलं तर पीक करपणारच. वहिनींचं जेवण घटलं, वजन घटलं, गोळी तेवढीच राहिली."

शस्त्रक्रियेत काय होते?

अमेरिकेत डॉ. एडवर्ड मेसन यांनी १९६६ साली जठराला वळसा देणारी शस्त्रक्रिया सुरू केली. आता ती आपल्याकडेही रुळली आहे. नितीन गडकरी यांनी २०११ साली मुंबईत वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया करून घेतली. एका प्रकारात जठराचा मोठा भाग काढून केळ्यासारखी अरुंद नळी ठेवतात. दुसऱ्यात जठराचा लहानसा कप्पा करून तो खालच्या आतड्याला जोडतात. अन्न कमी जाते आणि औषध शोषले जाण्याची रीतही बदलते.

वजन उतरले म्हणजे सगळे आजार गेले असे नव्हे. इजिप्तची इमान अहमद २०१७ साली मुंबईच्या सैफी रुग्णालयात आली. मार्चमध्ये शस्त्रक्रिया झाली, वजन पुष्कळ उतरले. पण इतर आजार होतेच. त्याच सप्टेंबरमध्ये अबुधाबीत तिचे निधन झाले.

कमी होणाऱ्या गोळ्या

मधुमेह आणि रक्तदाबाच्या औषधांची मात्रा बहुधा घटते, कधी बंदही होते. पण ती आपल्या मनाने बंद करू नये आणि जुन्या चिठ्ठीने चालूही ठेवू नये. घरी किंवा आरोग्य केंद्रात साखर व रक्तदाब मोजून वहीत लिहावे, ती वही डॉक्टरांना दाखवावी. उठताना अंधारी येत असेल तर रक्तदाबाची गोळी जास्त होत असेल, किंवा पाणी कमी पडत असेल. थायरॉईड, फिट्स, रक्त पातळ करण्याची औषधे घेणाऱ्यांनी मात्रा पुन्हा तपासून घ्यावी.

जन्माच्या सोबती गोळ्या

जीवनसत्त्वे, बी-१२, लोह, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व हे ठरवून दिल्याप्रमाणे कायम घ्यायचे. "बरं वाटतंय, आता कशाला?" असे म्हणू नये. उणीव आतून वाढते. वर्षा-दोन वर्षांनी रक्त कमी होते, पायांना मुंग्या येतात, हाडे ठिसूळ होतात. लोह आणि कॅल्शियम एका वेळी घेऊ नये. दोन तासांचे अंतर ठेवावे. थायरॉईडची गोळी उपाशीपोटी घ्यावी आणि या दोन्हींपासून चार तास दूर ठेवावी.

टाळायच्या गोळ्या

गुडघा दुखला की दुकानातून डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन आणण्याची आपली सवय. शस्त्रक्रियेनंतर, विशेषतः जठर आतड्याला जोडलेले असताना, त्यांनी आत व्रण पडून रक्तस्राव होऊ शकतो. दुखण्यासाठी पॅरासिटॅमॉल चालेल का, हे डॉक्टरांना विचारावे. गोळी मोठी वाटली म्हणून मनाने कुटू नये. काही गोळ्या कुटल्याने बिघडतात. तंबाखू, विडी सोडावी. दारू आता लवकर चढते, तिच्यापासून दूरच राहावे. तरुण सुनांनी वर्ष-दीड वर्ष गर्भधारणा टाळावी. त्यासाठी गोळ्यांवरच विसंबू नये, डॉक्टरांशी बोलावे.

थांबू नये अशी लक्षणे

सतत उलट्या, दोन-दोन दिसणे, चालताना तोल जाणे, काळी शौच, पोटात असह्य कळ: यांपैकी काहीही झाले तर १०८ ला फोन करावा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणीसुद्धा घालू नये.

आपण माती परीक्षण केल्याशिवाय खताची मात्रा ठरवीत नाही. शरीराचेही तसेच. पहिल्या वर्षी तीन, सहा आणि बारा महिन्यांनी, पुढे दरवर्षी रक्त तपासावे. सुगी असो की लग्नसराई, ही तारीख चुकवू नये.

परवा वहिनींकडे गेलो. मधुमेहाची गोळी डॉक्टरांनी बंद केली आहे. कडक भाकरी अजून सोसत नाही; मऊ भाकरी डाळीत कुस्करून, चावून चावून खातात. भिंतीवर कॅलेंडरशेजारी गोळ्यांचा कागद टांगला आहे. जुनी चिठ्ठी कुठे गेली, विचारले.

"चुलीत!" मालकांनी सांगितले. वहिनी हसल्या.

तुमच्या घरी असे कोणी असेल तर आज एवढेच करा. सगळ्या गोळ्या आणि चिठ्ठ्या एका पिशवीत भरा आणि डॉक्टरांपुढे ओता. काय ठेवायचे, काय टाकायचे, ते त्यांना ठरवू द्या.