भंगाराचे भाव पडले की भंगारवाला धंद्यात टिकतो कसा?

मागच्या महिन्यात किलोला जो भाव मिळाला होता, तो या महिन्यात मिळत नाही. सोसायटीच्या गेटवर हातगाडी घेऊन आलेला भंगारवाला म्हणतो, "ताई, लोखंड उतरलंय." ऐकणाऱ्याला वाटतं, हा घासाघीस करतोय. कधी तसं असतंही. पण बऱ्याचदा तो खरं बोलत असतो, कारण त्याचा भाव त्याच्या हातात नसतोच.

मग हा भाव ठरवतं कोण? तो पडला की भंगाराच्या धंद्यात नेमकं काय होतं? आणि अशा काळात काही व्यापारी गाळात जातात, काही मात्र तग धरतात, असं का?

भाव गेटवर ठरत नाही

घरातला जुना पत्रा, नळ, पंखा किंवा सळईचे तुकडे आधी फेरीवाल्याकडे जातात. तो ते छोट्या दुकानात विकतो. दुकानातून माल गोदामात जातो. तिथे वेगवेगळा होऊन तो मोठ्या व्यापाऱ्यामार्फत भट्टीपर्यंत पोहोचतो.

लोखंडाच्या बाबतीत महाराष्ट्रातलं मोठं ठिकाण म्हणजे जालना. तिथल्या इंडक्शन भट्ट्यांमध्ये भंगार आणि स्पंज आयर्न वितळवून बिलेट बनतात आणि त्यापासून बांधकामाच्या सळया. भाव या साखळीत उलट्या दिशेने प्रवास करतो. सळईला गिऱ्हाईक नसेल तर भट्टी भंगाराचा दर उतरवते, मग गोदामवाला उतरवतो, मग दुकानदार आणि शेवटी फेरीवाला.

पावसाळ्यात बांधकामं मंदावतात. सळईची मागणी कमी होते आणि त्याचा परिणाम भंगारावर दिसतो. स्पंज आयर्न स्वस्त झालं तरी हेच होतं, कारण भट्टीवाल्याला दोन्हीतलं जे परवडेल ते जास्त वापरता येतं. भारत हा जगातला सर्वात मोठा स्पंज आयर्न उत्पादक देश आहे. त्यामुळे इथल्या भंगाराला हा स्पर्धक कायम असतो.

तांबं, अॅल्युमिनियम, जस्त, शिसं यांचा हिशेब वेगळा. त्यांचे दर लंडन मेटल एक्सचेंजच्या आकड्यांवर आणि डॉलरच्या भावावर हलतात. म्हणजे गल्लीतल्या जुन्या पंख्याच्या मोटारमधल्या तांब्याची किंमत लंडनशी जोडलेली आहे.

भाव पडतो तेव्हा किती पडतो?

२००८ चं उदाहरण घ्या. जुलै २००८ मध्ये तांबं टनाला ८,९०० डॉलरच्या आसपास होतं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ते ३,००० डॉलरच्या खाली आलं. लोखंडी भंगारही असंच कोसळलं. जगभरात खरेदीदारांनी ठरलेले सौदे मोडले किंवा नव्या दराने करायला लावले.

२०१५ मध्ये कारण वेगळं होतं. चीनमध्ये मागणी थंडावली आणि त्या वर्षी चीनने ११ कोटी टनांहून जास्त पोलाद निर्यात केलं. जगभर पोलाद स्वस्त झालं आणि सोबत भंगारही. २०२४ मध्येही चीनची निर्यात पुन्हा ११ कोटी टनांच्या वर गेली. एप्रिल २०२५ मध्ये भारताने काही प्रकारच्या आयात पोलादावर १२ टक्के तात्पुरतं संरक्षण शुल्क लावलं, ते याच आयातीच्या दबावामुळे.

कधी सरकारी निर्णयानेही भाव हलतो. मे २०२२ मध्ये केंद्राने पोलादाच्या अनेक प्रकारांवर १५ टक्के निर्यात शुल्क लावलं. बाहेर जाणारा माल देशातच राहिला आणि दर घसरले. नोव्हेंबर २०२२ मध्ये शुल्क काढलं गेलं. पण मे महिन्यात ज्याचं गोदाम भरलेलं होतं, त्याला नोव्हेंबरपर्यंत थांबणं परवडणारं नव्हतं.

फटका भावाचा नाही, साठ्याचा

भंगारवाल्याची कमाई भावातून होत नाही. ती खरेदी आणि विक्रीतल्या फरकातून होते. लोखंड ३६ रुपये किलो असो की ३०, किलोमागे दोन रुपये सुटले तर कमाई तीच. मग भाव पडला की नुकसान का होतं? कारण खरेदी आणि विक्रीच्या मध्ये माल गोदामात पडून असतो.

एक साधं गणित मांडू. आकडे समजण्यापुरते आहेत. समजा आज विक्रीचा भाव ३६ रुपये आहे आणि व्यापारी ३४ ने खरेदी करतो. बाजार दर आठवड्याला दीड रुपयाने पडतोय.

पहिल्या व्यापाऱ्याने २० टन माल ३४ ने एकदम घेतला आणि भाव चढेल म्हणून चार आठवडे थांबला. तोवर विक्रीचा भाव ३० झाला. किलोमागे ४ रुपये तोटा, म्हणजे एकूण ८०,००० रुपये गेले.

दुसऱ्याने तेवढाच माल दर आठवड्याला ५ टन असा घेतला आणि आठवड्याभरात विकला. पहिला लॉट ३४ ने घेऊन ३४.५० ने विकला. पुढचा ३२.५० ने घेऊन ३३ ने. तिसरा ३१ ने घेऊन ३१.५० ने. चौथा २९.५० ने घेऊन ३० ने. किलोमागे फक्त ५० पैसे सुटले, पण महिन्याअखेर १०,००० रुपये नफा राहिला.

बाजार दोघांसाठी सारखाच पडला. एकाचं भांडवल गेलं, दुसऱ्याचं वाचलं. फरक माल किती दिवस पडून राहिला यात होता. पहिल्या व्यापाऱ्याच्या डोक्यावर गोदामाचं भाडं आणि कर्जाचं व्याज आहे ते वेगळंच.

म्हणून पडत्या बाजारात अनुभवी व्यापारी आधी गिऱ्हाईक पक्कं करतात आणि मग खरेदी वाढवतात. भट्टीकडून आजचा दर आणि किती टन घेणार हे कळल्यावरच ते खालच्या दुकानदारांना भाव देतात. "चढला की विकू" हे वाक्य या धंद्यात सर्वात महाग पडतं.

मिक्स माल स्वस्त, वेगळा केलेला महाग

भाव आपल्या हातात नाही, पण मालाची प्रत आहे. पडत्या काळात भट्ट्या निवडक होतात. माती, रबर, प्लॅस्टिक असलेल्या गाडीतून वजन कापतात किंवा गाडीच परत पाठवतात. त्यामुळे गोदामातलं वेगळं करण्याचं काम तेव्हा जास्त किमतीचं ठरतं.

जुनी मोटार अख्खी विकली तर मिक्स मालाचा भाव येतो. उघडली तर तांब्याची वायर वेगळी, लोखंडी पत्ती वेगळी आणि बाहेरचं बिडाचं किंवा अॅल्युमिनियमचं कव्हर वेगळं. गोदामात अॅल्युमिनियमला आजही अनेक जण 'जर्मन' म्हणतात. नळात पितळ असतं, ते लोखंडात गेलं तर लोखंडाच्या भावाने जातं.

स्टेनलेस स्टीलमध्ये तर अनेक जण फसतात. चुंबक चिकटलं नाही की माल भारी, असा समज आहे. पण ३०४ ग्रेडमध्ये साधारण ८ टक्के निकेल असतं आणि २०० सिरीजच्या स्टीलमध्ये त्याहून बरंच कमी. चुंबक सहसा दोन्हींना चिकटत नाही. भावात मात्र मोठा फरक असतो. म्हणून मोठे व्यापारी हातात धरायचं एक्सआरएफ यंत्र वापरतात. ते काही सेकंदांत धातूचं मिश्रण दाखवतं. छोटे दुकानदार केमिकलचा थेंब टाकून बघतात.

तांब्याच्या केबलचंही तसंच. प्लॅस्टिक जाळून तांबं काढणं बेकायदा आहे, धूर विषारी असतो आणि जळून ठिसूळ झालेल्या वायरला खालच्या प्रतीचा भाव मिळतो. सोलून काढलेली स्वच्छ वायर वरच्या प्रतीत जाते. आंतरराष्ट्रीय बाजारात या प्रतींना नावं आहेत. उत्तम उघड्या तांब्याच्या वायरला 'बार्ली', पिवळ्या पितळेला 'हनी'. ही नावं अमेरिकेतल्या पुनर्चक्रण उद्योगाच्या संघटनेच्या यादीतली आहेत आणि जगभरचे सौदे त्यावर होतात.

वेगळं करण्याचा आणखी एक फायदा आहे. सगळे धातू एकदम पडतातच असं नाही. २०२५ मध्ये स्वस्त आयातीमुळे पोलादावर दबाव होता, त्याच वर्षी तांब्याने टनाला १०,००० डॉलरचा टप्पा ओलांडला. फक्त लोखंडावर असलेल्याला ती साथ मिळाली नाही.

मोठ्या सौद्यांत दर कसा लावायचा?

कारखान्यातून निघणारा लेथचा कीस किंवा प्रेसच्या पंचिंगचे तुकडे अनेक व्यापारी वर्षभराच्या कराराने उचलतात. करारात दर पक्का केला आणि बाजार पडला, तर दर महिन्याला तोट्यात माल उचलावा लागतो. म्हणून बाजारभावाशी जोडलेला दर सुरक्षित ठरतो. त्या महिन्याचा सरासरी भाव घ्यायचा आणि त्यातून ठरलेली रक्कम वजा करायची. चढत्या बाजारात यात थोडा नफा सुटतो, पण पडत्या बाजारात धंदा बुडत नाही.

सरकारी कंपन्या आणि रेल्वेच्या ई-लिलावातही हाच धोका आहे. बोली आज लागते, माल नंतर उचलायचा असतो. मधल्या दिवसांत भाव कोसळला तर तोट्यात माल उचलायचा किंवा अनामत सोडायची, एवढेच पर्याय उरतात.

वाहतूक हाही मोठा घटक आहे. भंगार स्वस्त झालं म्हणून ट्रकचं भाडं कमी होत नाही. हलक्या पत्र्याने ट्रक भरतो, पण वजन भरत नाही आणि किलोमागचा खर्च वाढतो. प्रेसमध्ये दाबून गठ्ठे केले की त्याच ट्रकमध्ये जास्त वजन बसतं. भाव चांगला असताना हा खर्च लपून जातो. भाव पडला की नफा आणि तोटा यातलं अंतर तोच ठरवतो.

करात अडकणारे पैसे

लोखंडी भंगारावर १८ टक्के जीएसटी आहे. १० ऑक्टोबर २०२४ पासून नियम बदलले. नोंदणी नसलेल्या विक्रेत्याकडून नोंदणीकृत व्यापाऱ्याने धातूचं भंगार घेतलं, तर कर खरेदीदाराने भरायचा. दोन नोंदणीकृत व्यापाऱ्यांतला सौदा अडीच लाखांच्या वर असेल, तर खरेदीदार २ टक्के टीडीएस कापतो.

हे पैसे बुडत नाहीत. कर क्रेडिट म्हणून मिळतो आणि टीडीएस जीएसटीच्या कॅश लेजरमध्ये जमा होतो. पण हातातली रोकड घटते. ३६ रुपयांवर २ टक्के म्हणजे ७२ पैसे. किलोमागे दोनच रुपये सुटत असतील तर हा हिस्सा छोटा नाही. भाव पडल्यावर खरेदीपेक्षा विक्री स्वस्तात झाली, तर विक्रीवरचा कर खरेदीवर भरलेल्या करापेक्षा कमी होतो आणि उरलेलं क्रेडिट खात्यात पडून राहतं. ज्याचं भांडवल आधीच ताणलेलं आहे, तो अशा वेळी उधारीवर जातो. त्याच काळात भट्ट्याही पैसे उशिरा द्यायला लागतात.

साखळीच्या तळाशी काय होतं?

व्यापारी आपला फरक राखून खरेदीचा दर उतरवू शकतो. फेरीवाला घरमालकाला कमी भाव सांगू शकतो. पण रस्त्यावरून आणि कचऱ्यातून भंगार वेचणाऱ्या माणसाच्या खाली कुणीच नसतं. तेवढंच वजन, तेवढंच चालणं आणि दिवसाची कमाई कमी.

पुण्यात यावर एक उत्तर शोधलं गेलं. १९९३ मध्ये कागद, काच, पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली. पुढे त्यातून 'स्वच्छ' ही सहकारी संस्था तयार झाली. तिचे सदस्य घरोघरी कचरा गोळा करतात आणि त्यासाठी दरमहा शुल्क घेतात. भंगार विकून येतात ते पैसे वेगळे. भंगाराचा भाव पडला तरी शुल्क पडत नाही. ज्या शहरात असं शुल्क नाही, तिथे वेचकाचं पूर्ण उत्पन्न बाजाराच्या भरवशावर असतं.

याचा परिणाम शहरावरही होतो. उचलायला लागणारी मेहनत आणि मिळणारा भाव यांचा मेळ बसेनासा झाला की पातळ पत्रा, गंजलेले डबे, मिश्र धातूचे तुकडे कुणी उचलत नाही. ते कचरा डेपोत जातात. भंगारातून अॅल्युमिनियम बनवायला खनिजापासून बनवण्यापेक्षा सुमारे ९५ टक्के कमी ऊर्जा लागते. भाव पडल्यावर ही बचतही कचऱ्यात जाते.

पुढच्या वेळी भंगार द्यायच्या आधी

भंगारवाल्याने कमी भाव सांगितला तर पितळ, तांबं, स्टील आणि जर्मन आधी लोखंडातून वेगळं करून ठेवा. एकत्र दिलेल्या मालाला बहुतेक वेळा सर्वात स्वस्त धातूचा भाव लागतो. जुन्या बॅटऱ्या आणि ई-कचरा मात्र या ढिगात टाकू नका, त्यासाठी अधिकृत संकलन केंद्रं असतात.

आणि लोखंड उतरलंय म्हणून माळ्यावर साठवून ठेवायचा विचार असेल, तर भाव परत कधी चढेल हे गोदामवाल्यालाही माहीत नसतं. म्हणूनच तो आज आलेला माल आठवड्याच्या आत बाहेर काढायच्या मागे असतो.